सोळा वर्षांचा बाप: 'द फर्स्ट पार्ट लास्ट' अकरावी-बारावीच्या मुलांसोबत वाचावी का?

रानजाई (शनिवार, रात्री ११:२०)

मंडळी, या धाग्यात कादंबरीचा शेवट उघड होणार आहे. आधी स्वतः वाचायची असेल तर इथेच थांबा.

मी मराठवाड्यात एका तालुक्याच्या गावी ज्युनियर कॉलेजला मराठी शिकवते. शनिवारी सकाळचे तास संपले की वीस-बावीस मुलंमुली मागे थांबतात आणि आम्ही अभ्यासक्रमाबाहेरचं काहीतरी वाचतो. परवा न्यू जर्सीहून भाची आली. तिच्या बॅगेत अँजेला जॉन्सन यांची 'द फर्स्ट पार्ट लास्ट' होती. २००३ सालची, किशोरांसाठी लिहिलेली कादंबरी. २००४ मध्ये तिला अमेरिकेतले प्रिंट्झ आणि कोरेटा स्कॉट किंग असे दोन्ही पुरस्कार मिळाले. दीडशे पानंसुद्धा नाहीत. रात्री भांडी आवरून हातात घेतली ती संपवूनच उठले.

गोष्ट न्यू यॉर्कमधली. बॉबीचा सोळावा वाढदिवस. घरी येतो तर बाहेरच्या पायऱ्यांवर त्याची मैत्रीण निया लाल फुगा घेऊन बसलेली. ती त्याला सांगते की तिला दिवस गेलेत. तिथून प्रकरणं आळीपाळीने 'आत्ता' आणि 'तेव्हा' अशी येतात. 'तेव्हा'मध्ये निया आहे, दवाखान्याच्या फेऱ्या आहेत, दोघांचे आईबाप आहेत, बाळ दत्तक द्यायचं असं ठरत आलेलं आहे. 'आत्ता'मध्ये फक्त बॉबी आणि त्याच्या छातीवर झोपलेली त्याची लेक, फेदर. निया कुठेच नाही. ती का नाही, हे लेखिका जवळजवळ शेवटापर्यंत हातचं राखून ठेवते.

'आत्ता'ची प्रकरणं वाचताना मी पुन्हा पुन्हा मागे गेले. बाळ रात्री उठतं, बॉबीला वाटतं आई येईल आणि घेईल. आई शेजारच्याच खोलीत असते, पण बाळ तुझं आहे, तूच बघ, हे तिने ठरवलेलं असतं. सकाळी शाळा. वरच्या मजल्यावरच्या कोको फर्नांडिस बाईंकडे बाळ सोपवायचं, पेंगत पेंगत वर्गात बसायचं. एके दिवशी तो शाळेत जातच नाही. एका भिंतीवर रंगाच्या डब्यांनी चित्र काढत बसतो आणि पोलीस पकडतात. वाईट मुलगा नाही हो तो. थकलेला आहे आणि अजून स्वतःच लेकरू आहे.

मला झोप लागली नाही ती एका साध्या गोष्टीमुळे. ही कथा मुलगा सांगतो. आपल्याकडे 'कुमारी माता' हा शब्द आहे, सरकारी कागदावर आहे, वर्तमानपत्रात आहे. 'कुमार पिता' कोणी कधी ऐकलाय का? 'तिचा पाय घसरला' म्हणतात. त्याच्या पायांचं काय झालं, हे सांगायला भाषेत वाक्यच नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या अकरावीतली एक मुलगी दिवाळीनंतर आलीच नाही. या जूनमध्ये दाखला न्यायला आली ती कडेवर बाळ घेऊन. सही करायला हात मोकळा हवा म्हणून बाळ तिने माझ्याकडे दिलं. नवरा फाटकाबाहेर मोटरसायकलवर बसून होता. तोही माझाच विद्यार्थी, तिच्या दोन वर्षं पुढचा. मी हाक मारली, "अरे, आत ये की." मान खाली घालून तिथेच बसला. बाळाचं दुपटं माझ्या बांगडीत अडकलं होतं, ते सोडवताना मुलगी म्हणाली, "त्याला घेता येत नाही मॅडम, भीती वाटते त्याला."

म्हणून विचारते. ही कादंबरी मी मराठीत सांगत सांगत, निवडक पानं वाचून मुलांपुढे ठेवावी असं मनात आहे. ठेवू का? ठेवली तर कशी?

शिरीष_काका (रविवार, सकाळी ७:०५)

रानजाई ताई, तळमळ पोचली. मी ३१ वर्षं शिक्षक होतो, त्यातली ९ मुख्याध्यापक. म्हणून स्पष्ट सांगतो, ठेवू नका.

पहिलं कारण तुमच्या काळजीचं. तालुक्याच्या गावात शनिवारी वाचलेलं रविवारी बाजारात पोचतं, आणि पोचेपर्यंत त्याचं भलतंच काही झालेलं असतं. कोणीतरी पालक संस्थाचालकांकडे जाणार आणि तुम्ही एकट्या पडणार. दुसरं, ते घर आपल्या मुलांच्या ओळखीचं नाही. आई फोटोग्राफर, वडील वेगळे राहतात, मुलाला स्वतःची खोली. आमच्या मुलाला वाटेल, हे अमेरिकेतलं आहे, आपल्याला काय त्याचं. तिसरं कारण जास्त गंभीर. तुम्ही म्हणता मुलगा गोड आहे, बाळ छातीवर झोपतं. सोळाव्या वर्षी बाप होणं हे सुंदर चित्र म्हणून मनात बसलं तर? पुस्तकाचा हेतू तो नसेल, पण मुलं आपल्याला हवं तेच उचलतात.

मेघना_पी

+१ काकांच्या पहिल्या मुद्द्याला. पण ताई, ते बांगडीत अडकलेलं दुपटं डोळ्यांपुढून जात नाहीये.

ओहायोकर (रविवार, सकाळी ९:४०)

मी सतरा वर्षं ओहायोत आहे. लेखिका आमच्याच राज्यात केंट गावात राहतात. माझी लेक नववीत असताना तिने ही कादंबरी वाचनालयातून आणली आणि जेवणाच्या टेबलावर तशीच ठेवून खेळायला गेली. मी आमटी गरम होईपर्यंत चाळायला घेतली आणि आमटी आटून गेली.

दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

एक, बॉबी कृष्णवर्णीय आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीय बाप म्हणजे लेकरं टाकून जाणारा, ही समजूत किती खोल आहे हे इथे राहिल्यावर कळतं. जॉन्सन बाईंनी भाषण न देता एका मुलाला रात्री तीन वाजता बाटली धरून जागं ठेवलं आणि त्या समजुतीला उत्तर दिलं. त्यामुळे शिरीष काका म्हणतात तसं हे नुसतं गोड चित्र राहत नाही. त्या समाजात बॉबीचं थांबणं ही ठाम भूमिका ठरते.

दुसरी गोष्ट वाचनाच्या क्रमाची. फेदर आणि बॉबी वाचकांना आधीच माहीत होते. १९९८ च्या 'हेवन' या कादंबरीत बॉबी ओहायोतल्या हेवन नावाच्या काल्पनिक गावात लेकीला घेऊन राहतोय आणि नायिका मार्ली फेदरला सांभाळते. आधीची हकिकत सांगणारी ही कादंबरी पाच वर्षांनी आली. म्हणजे पुढचं आधी आणि आधीचं नंतर. नावाचा अर्थही तसाच आहे. आयुष्य उलटं जगता आलं असतं, शहाणपण आधी आणि बालपण शेवटी मिळालं असतं तर, असा बॉबीचा विचार आहे. माझी लेक म्हणाली होती, "बाबा, त्याला लहान व्हायचंय, कारण त्याचं लहानपण मध्येच संपलं."

इथली आकडेवारीही सांगतो, कारण आपल्याकडे 'अमेरिकेत हे वाढतच चाललंय' असं सर्रास बोललं जातं. १५ ते १९ वयाच्या दर हजार मुलींमागे १९९१ मध्ये जवळपास ६२ बाळंतपणं व्हायची. २०२३ मध्ये हा आकडा १३ च्या आसपास आहे. मुलांशी उघड बोलल्याने आणि गर्भनिरोधकं वेळेवर मिळाल्याने यात मोठा फरक पडला.

डॉ_कल्याणी (रविवार, दुपारी ३:१५)

ओपीडी नाही म्हणून आज निवांत लिहिते. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, मराठवाड्यातच. कादंबरी ओहायोकरांची पोस्ट वाचून आज सकाळी फोनवर घेतली, आत्ता संपवली. निया का नाही ते आता मला कळलंय आणि त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

नियाला एक्लॅम्पसिया होतो. झटके येतात, बाळ वाचतं, ती कधीच न उठणाऱ्या बेशुद्धीत जाते. पुस्तकात हे वीज पडावी तसं येतं, कारण आपण ते एका घाबरलेल्या सोळा वर्षांच्या मुलाच्या नजरेतून बघतो. पण माझ्या टेबलावर ते असं अचानक येत नाही. पाचव्या महिन्यानंतर कधीतरी बीपी १४०/९० च्या वर जातं, लघवीत प्रथिनं दिसायला लागतात. मग तोंडावर आणि हातांवर सूज येते, बांगड्या घट्ट होतात. डोकं दुखतं, डोळ्यांपुढे चमकतं किंवा अंधारी येते, छातीखाली दुखतं. त्यानंतर झटके. पहिलटकरणीला धोका जास्त, आणि विशीच्या आतल्या मुलींना २० ते २४ वयाच्या स्त्रियांपेक्षा जास्त, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन वेळेवर मिळालं तर बहुतेक मुली वाचतात. ते औषध महागही नाही. कमी पडते ती वेळ. मुलगी लपवत असते, घर लपवत असतं, आणि बीपी कोणी मोजलेलंच नसतं.

आता शिरीष काकांच्या 'आपल्याला काय त्याचं' बद्दल. काका, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. देशाची सरासरी ६.८ आहे, म्हणजे आपण सरासरीच्याही वर आहोत. २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. फरक एवढाच, की आपल्याकडे ही गरोदरपणं बहुतेक वेळा मंगळसूत्रासकट येतात, आणि मंगळसूत्र दिसलं की कोणालाच प्रश्न पडत नाही.

माझ्या भागातून दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि उचल कोयत्यावर मिळते. घरात पोरगा अठराचा असेल तर त्याला जोडी हवी, पोरगी पंधराची असेल तर ती पाठीमागे एकटी कुठे ठेवायची ही भीती. सिझनच्या आधी लग्नं उरकतात. मग मार्चमध्ये ती माझ्यासमोर येते. आधार कार्डावर १९ आणि चेहऱ्यावर १५. हिमोग्लोबिन ७. सोबत सासू. नवरा दरवाज्यापाशी. मी त्यालाही आत बोलावते, बीपीचा पट्टा कसा बांधतात ते दाखवते, सूज कशी बघायची ते दाखवते. एकदा एकाने विचारलं होतं, "आमी काय करायचं असतंय डॉक्टर, कोन सांगितलंच न्हाई." अठराचा पोरगा होता. त्याला खरंच कोणी सांगितलेलं नव्हतं.

ताई, वाचा. बिनधास्त वाचा.

वकील_अनुजा (रविवार, संध्याकाळी ६:३०)

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण वर्गात हा प्रश्न येणारच.

पॉक्सो, म्हणजे मुलांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा कायदा, २०१२ चा. अठराच्या आतल्या मुलीची संमती कायदा मानत नाही, दोघं एकाच वयाचे असले तरी. कलम १९ प्रमाणे माहिती मिळालेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, डॉक्टर आणि शिक्षक दोघंही त्यात आले. लग्न झालेलं असेल तरी सुटका नाही. अठराच्या आतल्या पत्नीशी संबंध हा बलात्कारच, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये स्पष्ट केलंय.

यात पेच असा की पोलिसांच्या भीतीने मुली दवाखान्यातच येत नाहीत. कोणाकडून तरी गोळ्या आणतात, आणि डॉक्टर कल्याणी सांगतात ते झटके घरातच येतात. म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २०२२ चा निकाल महत्त्वाचा. अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने व पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव उघड करायची गरज नाही, असं त्यात म्हटलंय. अल्पवयीन मुलींना २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा आहे, पालकाची लेखी संमती लागते. त्यापुढे वैद्यकीय मंडळ आणि न्यायालय, आणि त्यात एक एक दिवस मोलाचा असतो.

ही माहिती मुलींपर्यंत पोचत नाही. अनेक डॉक्टरांपर्यंतही पोचलेली नाही.

डॉ_कल्याणी

शेवटच्या वाक्याशी सहमत. मलाही तो निकाल एका कार्यशाळेत समजला, आणि तेव्हा निकाल लागून वर्ष उलटलं होतं.

सावली_आई (रविवार, रात्री ९:५०)

सगळे कादंबरीच्या बाजूने लिहितायत, म्हणून थोडं वेगळं लिहिते. राग मानू नका.

मी दत्तक आई आहे. माझी मुलगी आता चौदा वर्षांची आहे. ती अवघ्या काही दिवसांची असताना तिच्या जन्मदात्रीने तिला संस्थेत सोपवलं. जन्मदात्रीचं वय मला फक्त 'अल्पवयीन' एवढंच माहीत आहे. या कादंबरीत दत्तक देणं ठरलेलं असतं, निया बेशुद्धीत जाते आणि बॉबी कागदावर सही करत नाही, लेकीला घेऊन येतो. वाचणारा प्रत्येक जण तिथे सुटकेचा श्वास सोडतो. मी सोडू शकले नाही. जी मुलगी सही करते तिचं प्रेम कमी असतं का? माझ्या लेकीने ही गोष्ट वाचली तर तिला वाटेल, माझ्यासाठी कोणी परत आलं नाही.

आपल्या कायद्यात बाळ सोपवणाऱ्या आईला विचार बदलायला दोन महिने मिळतात. त्या दोन महिन्यांत माझ्या लेकीची जन्मदात्री एकदा संस्थेच्या दारापर्यंत आली होती, असं तिथल्या ताईंनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. आत आली नाही. दारात एक टोपरं ठेवून गेली. पिवळं, हाताने विणलेलं, एका बाजूचे टाके सुटलेले. ते टोपरं आमच्याकडे आहे.

रानजाई ताई, वर्गात वाचाल तेव्हा हेही सांगा. तुमच्यासमोर बसलेल्यांपैकी कोणी दत्तक असेल, तुम्हाला माहीतही नसेल.

रानजाई

सावली_आई, राग कसला? मी वाचताना तिथे सुटकेचा श्वास सोडला होता, हे खरं. तुम्ही लिहिलंत ते माझ्या ध्यानात आलंच नव्हतं. टोपऱ्याची गोष्ट तुमचं नाव-गाव न सांगता वर्गात सांगितली तर चालेल का?

सावली_आई

लेकीला विचारून सांगते. गोष्ट तिची आहे.

जुनीपाने (सोमवार, दुपारी १२:१०)

'त्याचं काय झालं' हा प्रश्न मराठीत पहिल्यांदा कोणी विचारला ते या धाग्यावर नोंदवायला हवं. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात बाळ मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी केली गेली. त्या वेळी वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर भरपूर लिहिलं गेलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ते वाचून १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. सगळा दोष बाईच्याच पदरात का, पुरुष कुठे आहे, हेच त्या पुस्तकभर विचारत राहतात. त्यांच्यावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले.

फुल्यांनी त्याच्या आधीच, १८६३ मध्ये, पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल न्यायचं तर न्यावं, ठेवायचं तर ठेवावं. काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतला. तो यशवंत, पुढे डॉक्टर झाला. सावली_आई, हे तुमच्या लेकीला जरूर सांगा.

शिरीष_काका (सोमवार, रात्री ८:३०)

डॉक्टरांचे आकडे वाचून दिवसभर अस्वस्थ होतो. माझ्या शाळेतूनही दरवर्षी काही मुली दिवाळीनंतर येत नसत. आम्ही हजेरीत लाल शाईने 'गैरहजर' लिहायचो, आणि सलग गैरहजेरीनंतर नाव कमी. ९ वर्षं मुख्याध्यापक होतो, एकाही घरी गेलो नाही. मुलांच्या गळतीसाठी गेलो, मुलींसाठी नाही. 'लग्न ठरलं असेल' म्हणून पुढचं पान उलटलं.

पुस्तकाबद्दल माझा विरोध आता अर्धा उरलाय. पालकांना आधी बोलावून सांगा, लपवून काही करू नका. आणि मुलंमुली वेगवेगळी बसवा.

रानजाई

काका, पालकांना बोलावण्याचं पटलं, करतेच. वेगळं बसवणं मात्र नाही. फाटकाबाहेर मोटरसायकलवर बसलेल्या त्या मुलाला आपणच वेगळं बसवत आलोय.

खाडीकाठ (सोमवार, रात्री ११:५५)

तीन दिवस वाचतोय. इथे फार लिहीत नाही, पण ताईंनी पहिल्या पोस्टमध्ये विचारलं की मुलाचं काय झालं. एका मुलाचं काय झालं ते मला माहीत आहे.

कोकण, १९८९. माझा मोठा भाऊ बारावीत, मी सहावीत. एका संध्याकाळी वरच्या वाडीतले एक गृहस्थ आमच्या ओटीवर येऊन बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. त्यांची मुलगी भावाच्या वर्गात होती. चहा आला तो त्यांनी घेतला नाही. बाबा हळू आवाजात बोलत होते. आई माजघरात तांदूळ निवडत होती. निवडून झाले की तेच परत सुपात घ्यायची. मला काही कळलं नाही, फक्त तांदूळ संपत नाहीत हे कळलं.

त्याच रात्री भावाला मुंबईला काकांकडे पाठवलं. साडेनऊची रातराणी. पिशवी मी उचलली होती, कारण त्याने उचलली नाही. स्टँडवर तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. गाडी सुटताना खिडकीतून त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, एवढंच. पुढे तिथेच कॉलेज, नोकरी, लग्न. दोन मुलं आहेत. चांगला बाप आहे. आजारी मुलाला रात्ररात्र खांद्यावर घेऊन फिरलेलं मी त्याला बघितलंय.

ती कुठे गेली ते मला आजही धड माहीत नाही. मामाच्या गावी पाठवलं, एवढं कानावर आलं. आमच्या घरात तिचं नाव पुन्हा कोणी घेतलं नाही. तिचे वडील पुढे कित्येक वर्षं बाजारात दिसायचे, बाबा रस्ता बदलायचे.

मुलं पळून जातात असं म्हणतात. माझा भाऊ पळाला नाही. त्याला गाडीत बसवून दिलं. त्याला थांबायचं होतं का, हे त्याला कोणी विचारलं नाही, आणि त्यानेही कोणाला सांगितलं नाही. मी त्याची बाजू घेत नाहीये. तिला तर कोणीच काही विचारलं नसणार.

हा धागा आज दुपारी त्याला पाठवलाय. निळ्या खुणा उमटल्यात. उत्तर नाही.

मेघना_पी

खाडीकाठ, काय लिहू कळत नाही. वाचलं, एवढंच.

ओहायोकर

दादा, कादंबरीत बॉबीची आई त्याची पिशवी भरत नाही. मदत करत नाही म्हणून मला ती कठोर वाटली होती. तुमचं वाचून मी आज ते प्रकरण पुन्हा काढलं.

रानजाई (पुढचा शनिवार, दुपारी ४:४०)

गुरुवारी पालकांची बैठक घेतली. बावीसपैकी चौदा घरांतून माणसं आली, बहुतेक आयाच. एका वडिलांनी त्यांच्या मुलीला बसू देणार नाही म्हणून सांगितलं, मी मान्य केलं. एक आई निघताना मागे थांबली आणि विचारलं, "आमाला ऐकायला आलेलं चालंल का?" आज त्या आल्या होत्या, शेवटच्या बाकावर बसल्या.

पहिलं 'आत्ता' वाचलं. बाळ रडतंय, बॉबीला झोप अनावर झालीय, काय करावं ते कळत नाही, या जागी मी थांबले आणि विचारलं, तुम्ही काय केलं असतं? सगळे गप्प. मागच्या बाकावरचा एक मुलगा आहे, पहाटे चारला वडिलांबरोबर दुधाच्या टेम्पोवर जातो आणि पहिल्या तासाला हमखास डुलक्या काढतो. तो म्हणाला, "ढेकर काढली नसंल मॅडम."

मुली हसल्या. तो उठला, स्वतःचं दप्तर उचलून खांद्यावर उभं धरलं, एक हात खाली, एक हात मानेच्या जागी. "अशी धरायची. आन् हळूहळू थापटायचं, वरनं खाली न्हाई, खालनं वर." त्याची बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती, चार महिने राहिली. बहिणीचं वय विचारलं तर म्हणाला, सतरा. रात्रीचं बाळ हाच घ्यायचा, कारण पहाटे उठायचं म्हणून तो तसाही जागाच असायचा.

हसणं थांबलं. मग आणखी दोन मुलांनी दप्तरं उचलून बघितली. त्या आई पुढे आल्या आणि एकाचा हात धरून नीट मानेच्या जागी ठेवला.

तास संपताना एका मुलीने विचारलं, "पण निया कुठंय?" मी सांगितलं, पुढच्या शनिवारी 'तेव्हा' वाचायचंय.

सावली_आई, टोपऱ्याबद्दल तुमच्या लेकीचा निरोप मिळाला. तिने लिहून पाठवलेलं मी तिच्याच शब्दांत वाचेन, एक अक्षर न बदलता.

डॉ_कल्याणी

ताई, नियाचं प्रकरण कधी वाचणार ते कळवा. मला यायचंय. बीपीचं मशीन आणते, प्रत्येकाला एकदा पट्टा बांधायला लावू, मुलांनाही. तुमचा तालुका व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खाडीकाठ

भावाचा काल रात्री फोन आला. पाऊण तास बोललो. ते इथे लिहिणार नाही. त्याने फक्त कादंबरीचं नाव नीट लिहून पाठव म्हणून सांगितलंय.

रानजाई

डॉक्टर, तीन शनिवारांनंतर नियाचं प्रकरण येईल. व्यनि केलाय. दुपारी एकची एसटी पकडा, स्टँडवर न्यायला येते.